अण्णांची सळई

नांदेड, मंगळवार

ती. अण्णा,

उज्वलाचा नमस्कार. फोनवर धड बोलणं होत न्हाई, म्हणून लिहून राहिले. इथं जेवण बरं हाय, आईला सांगा. तिचे गुडघे कसे हायत?

काल आमच्या पाणीपुरवठ्याच्या ट्रेनिंगमध्ये एका निवृत्त इंजिनिअरचं जाहीर व्याख्यान झालं. नदीपासून नळापर्यंत काय सुंदर सांगितलं त्यांनी! गळती शोधायचं नवं यंत्र दाखवून म्हणाले, "आम्ही पाइपावर सळई टेकवून कान लावायचो."

मला राहवलं न्हाई. उठून म्हणाले, "आमचे अण्णा उदगीरला व्हॉल्व्हमन होते. सळईवर अख्ख्या गल्लीची गळती सांगायचे."

"मोठ्यानं बोल पोरी, नाव काय अण्णांचं?" म्हणत त्यांनी सगळ्यांसमोर कानातलं मशीन नीट बसवलं. मी ओरडून सांगितलं, "किशनराव!" अण्णा, तुमच्यासाठी दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. मशीनला मात्र कुणीच हसलं न्हाई.

तुमचं मशीन अजून कपाटातच हाय ना?

परवा फोनवर तुम्ही नुसतं "हाव, हाव" म्हणत होता. मी विचारलं होतं, सळई कुठं ठेवलीय? मला ती लावायला तुमच्याकडून शिकायचंय.

तुमची,
उज्वला