बॅग नंबर सतरामधली घोंगडी

३ मे, वारूळवाडी
आले एकदाची! नारायणगाव स्टँडवर सावळेरामभाऊ मोटारसायकल घेऊन हजर. माझी ट्रंक पाहून म्हणाले, उत्तर ध्रुवावर पोरं चालल्यात का तुमी? मी म्हटलं, पोरंच; मी फक्त त्यांना कुडकुडायला शिकवणार. माणूस हसरा आहे. द्राक्षांच्या या पॅकहाऊसची मशिनं तेच सांभाळतात.

हंगाम संपल्यामुळे कोल्ड स्टोरेजची एक खोली रिकामी आहे आणि मे महिनाभर ती आमच्या संस्थेला मिळाली आहे. बाहेर चाळीस अंश, आत दोन! जुन्नर-आंबेगावातल्या शाळांमधली सहा मुलं जुलैत जहाजाने उत्तर ध्रुवाकडे जाणार, वितळणारं बर्फ डोळ्यांनी बघणार आणि परत येऊन गावोगाव सांगणार. तोवर त्यांना थंडीत वावरायला मी शिकवायचं.

माझा लाडका विषय मात्र वेगळा: कुसळ. आपल्या गवताचं एक बी जरी कुणाच्या मोज्यातून तिकडे गेलं, तरी त्या जमिनीचं वाटोळं होऊ शकतं. म्हणून माती, बी, केस, काही न्यायचं नाही. गेल्या वर्षी मोहीम निघण्याआधी पुण्यात एका दिवसात चाळीस बॅगा मी चिमट्याने तपासल्या. ऑफिसात मला ‘चिमटाबाई’ म्हणतात, म्हणोत बापडे. सतरा नंबरच्या बॅगेत काळी घोंगडी निघाली होती, कुसळांनी भरलेली. काढून घेतली. परत आल्यावर देईन, असं मी म्हणाले. न्यायला कोणीच आलं नाही. धुतली, आणि आता अंथरायला तीच लागते. ट्रंकेतून इथेही आली आहे.

गेल्या वर्षीच्या अपघाताचा विषय मुलांसमोर काढायचा नाही, असं ऑफिसने बजावलंय. मला तरी काय ठाऊक? मला बॅगांचे नंबर माहीत, मुलांची नावं नाहीत.

६ मे
पहिला वर्ग झकास झाला. वीस मिनिटं आत बसून हातमोजे घालून लिहायचं. तोंडातून वाफ निघते म्हणून मुलं खूश. निमगाव सावाचा शौर्य सगळ्यांत बोलका. म्हणाला, मॅडम, आमच्या द्राक्षांना रोज असं वाटत असंल.

बाहेर आल्यावर मोजे तपासले. शौर्यच्या मोज्यात तीन कुसळं! मोजे मीच पाकिटातून काढून दिले होते. तरी रागावले.

इथे झाडलोट करायला ठमाबाई आहेत, डिंभे धरणापलीकडच्या डोंगरातल्या. रोज चारच्या सुमारास त्या कोल्डच्या दाराशी वाटीभर गरम नाचणीची पेज ठेवतात आणि निवली की बाहेर बाभळीच्या मुळाशी ओततात. मांजरासाठी असेल. उंदीर होतील, ठेवत जाऊ नका, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा ठेवली.

९ मे
आज सहाही जणांच्या मोज्यांत कुसळं. काल मी स्वतः गुडघ्यांवर बसून फरशी पुसली होती. डाव्या कोपऱ्यात पुन्हा मूठभर पडली होती, आणि त्यांत काळ्या लोकरीचे धागे. भिंत पत्र्याची, खिडकी नाही. गवत येणार कुठून?

सावळेरामभाऊंना विचारलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग सांगितलं. गेल्या वर्षी मोहिमेत गेलेली ठमाबाईंची मुलगी तेजू, तेजस्विनी, तिकडे गारठून गेली. ऑगस्टात सीलबंद पेटी आली तेव्हा घाटात दरड कोसळून रस्ता बंद होता. पेटी दोन दिवस इथेच ठेवली, त्याच कोपऱ्यात. “पेटी उघडायची न्हवती, मॅडम. मायला तोंडसुदिक बघाय मिळालं न्हाई.” रस्ता सुटल्यावर मुलीला गावी नेलं, सगळं केलं, आणि पंधरा दिवसांनी ठमाबाई इथे झाडू मागायला आल्या.

आणि मी त्यांना उंदरांवरून बोलले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

११ मे
सकाळी उठले तर घोंगडी ओली आणि बर्फासारखी गार. पत्र्याखालच्या खोलीत, मे महिन्यात! उन्हात वाळत घातली. दुपारपर्यंत वाळली नाही.

ऑफिसकडून गेल्या वर्षीची यादी मागवता येईल. अजून मागवली नाही. का मागवत नाही, ते मला कळतंय.

१२ मे
वर्ग संपवून मुलं बाहेर आली, आणि शौर्य नुसत्या शर्टावर. ओठ निळे. जाकीट कुठे, विचारलं तर म्हणाला, तिला दिलं. कुणाला? कोपऱ्यातल्या मुलीला. तिच्या अंगावर गरम काही नाही, ती पांघरूण मागते. बाकीची पाच पोरं माझ्याकडेच बघत होती. त्यांनीही तिला रोज पाहिलंय. इथल्याच कुणाची असेल असं त्यांना वाटलं होतं.

मी आत गेले. कोपऱ्यात जाकीट होतं, कडक झालेलं, नीट घडी केलेलं. आत मुलगी नव्हती. एवढं लिहिते आणि थांबते.

१३ मे
शौर्य दवाखान्यात आहे. अंगाचं तापमान चढत नाही. तीन रजया, गरम पाण्याच्या पिशव्या, बाहेर हे ऊन, तरी दात वाजतायत. डॉक्टर चक्रावलेत. त्याची आई माझा हात धरून विचारत होती, तुमी शिकवता ना थंडीचं, मग सांगा की काय करायचं. मी पिशव्यांतलं पाणी बदलत राहिले.

परतल्यावर ठमाबाईंजवळ बसले. विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. तिकडे बेटावर हवा फिरली, बोट पाच तास आली नाही, पोरांचे कपडे भिजले. “म्या घोंगडी दिली व्हती, बाई. घोंगडी भिजली तरी ऊब सोडत न्हाई. पोरीनं तिकडं गेल्यावर का काढली न्हाई तेवढं कळंना.” दोघी मायलेकी त्याच घोंगडीत निजायच्या. तेजूचा स्वभाव असा, की कुणी कुडकुडताना दिसलं की कड उचलून आत घ्यायची. डोक्याकडची बाजू कळावी म्हणून ठमाबाईंनी कोपऱ्यात लाल दोऱ्याची चांदणी घातली होती.

मी खोलीत आले. चांदणी आहे. वर्षभर मी ती पायाशी घेऊन झोपले.

यादी मागवली. सतरा: तेजस्विनी.

१४ मे
सांगायला गेले. ठमाबाई पेज ढवळत होत्या. वर बघून म्हणाल्या, बसा बाई, तुमीबी घ्या घोटभर.

घेतली. सांगितलं नाही.

मी कायदा पाळला— नियम बरोबरच होता. पण दुसरं पांघरूण द्यायला हवं होतं, किंवा घोंगडी तिथल्या तिथे धुऊन, चिमट्याने निवडून— एक तास लागला असता. चाळीस बॅगा होत्या. मला घरी जायचं होतं.

आता आठवतो तिचा चेहरा. आल्यावर द्याल ना मॅडम, असं तिने दोनदा विचारलं होतं.

१५ मे, सकाळ
शौर्यचं तापमान अजून कमीच. रात्रभर एकच बोलतोय म्हणे, तिला माझं नको, तिचं पाहिजे.

माझ्या हातांना ऊब येत नाही. अक्षर—

ठमाबाईंसमोर जाण्यापेक्षा आत जाणं सोपं आहे. किती भित्री मी.

१५ मे, दुपारी चार
आत आले आहे. घोंगडी आणली. दार आतून उघडतं, म्हणून एकटीच.

ती आहे. कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन. भीती वाटली होती तशी नाही ती— लहान आहे. सोळा वर्षांची. एवढी लहान होती का?

पांघरली. चांदणी डोक्याकडे.

फोन वाजला. शौर्यच्या आईचा मेसेज— पोराला घाम आलाय. पंखा लावा म्हणतोय.

देवा—

रडतेय मी. गालावरच गोठतंय.

दार उघडत नाहीये. दांडा बर्फाने धरलाय— नाही, माझे हातच वळत नाहीत—

बाहेर वाटी ठेवल्याचा आवाज. ठमाबाई. हाक मारली, आवाज फुटत नाही. म्हणून लिहिते. घोंगडी मी काढून घेतली होती, ठमाबाई. तिने नेली नाही असं नाही, मी तिला नेऊ दिली नाही. पोरीची काही चूक नव्हती. मी—

ठमाबाईंना वाचता येत नाही. ज्याला ही वही सापडेल त्याने त्यांना मोठ्याने वाचून दाखवावी, एवढं—

ती माझ्याकडे बघते आहे. मी कुडकुडतेय ते तिला दिसलं.

नको गं. मला नको. तुझी आहे ती.

कड उचलून धरली आहे तिने. सरकून जागा करते आहे, म्हणते, या मॅडम, आत