वाऱ्याची बाही कपाटात असताना घोडे पुलावरून नेण्याबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
जनावर वाहतूक विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय : उद्या सकाळी जोराच्या वाऱ्यात उरलेले घोडे पुलावरून न नेण्याबाबत, तसेच आपल्या नोटिशीस उत्तर.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची अर्जदारास आलेली नोटीस, जिला अर्जदाराने आजवर उत्तर दिलेले नाही.

महोदय,

१. संदर्भातील नोटीस अर्जदारास मिळाली. मुख्य कार्यालय आणि हा तबेला यांच्यामधल्या टपालाला आठवडाभर लागतो. त्यामुळे ती हाती आली तेव्हाच उत्तराची मुदत संपली होती, तरी तो बहाणा अर्जदार पुढे करीत नाही. आवारात कामावर असलेल्या मुकादमास जाड पुस्तकाने मारहाण का केली, याचा लेखी खुलासा आपण मागितला होता. अर्जदाराने तो लिहायला घेतला. पहिल्या मसुद्यात सगळा दोष वाऱ्याचा निघाला, दुसऱ्यात अर्जदाराचा. तिसऱ्यात कोणाचाच निघेना, म्हणून तो फाडला. मुलगी म्हणाली, "बाबा, एका ओळीचं उत्तर आहे, त्याचं पुराण कशाला लावलंय?" तिचे म्हणणे पटले. पण ती एक ओळ लिहिण्याचा धीर होईना, म्हणून नोटीस उशीखाली गेली. आज ती बाहेर काढली आहे, कारण उद्या सकाळी पुन्हा घोडे निघायचे आहेत आणि बाहेर पुन्हा तोच वारा आहे.

२. अर्जदार हा तबेल्याच्या दवाखान्यातील निवृत्त ग्रंथपाल आहे. सारे आयुष्य घोड्यांवरच्या पुस्तकांत गेले, पण घोड्याच्या अंगाला त्याने कधी हात लावलेला नाही. भीती वाटते. पत्नी गेल्यापासून तो मुलगी आणि जावई यांच्यापाशी राहतो. जावई तबेल्याची घोडागाडी, म्हणजे घोडे नेण्याचा ट्रक, चालवतात. रांगेत कोणी पुढे घुसले तर "माझंच चुकलं" म्हणून मागे सरकणारा माणूस, अशी अर्जदाराची या आवारात ख्याती आहे. मुकादमाला मारले हे ऐकून फाटकवाल्याने आधी विचारले, "कोणी, काकांनी? आपल्या?"

वाऱ्यात घोडे न्यावेत की नाही, यावर अर्जदाराने जेवढे मिळाले तेवढे वाचले आहे. एक पुस्तक म्हणते, झाडाच्या फांद्या हलल्या की घोडा दारातून काढू नये. दुसरे म्हणते, घोडा वाऱ्याला भीत नाही, माणूस घाबरला की तो घाबरतो. तिसरे म्हणते, गाडी भरलेली असेल तर चिंता नको. या गोंधळामुळे अर्जदार कोणत्याही बाजूने छातीठोक बोलू शकत नाही. सगळ्यांचे एकमत एवढ्याच गोष्टीवर आहे की, असा कोरडा, जोराचा वारा तीन दिवसांत बसतो. फाटकवाल्याचेही तेच मत आहे आणि त्याने काहीच वाचलेले नाही.

३. आता येथील कामाची रीत. फाटकाशी एक उंच काठी आहे. तिच्यावर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची लांब कापडी नळी लावलेली असते, तिला सगळे 'बाही' म्हणतात. बाही फुगून आडवी उभी राहिली तर घोड्यांची गाडी फाटकाबाहेर सोडायची नाही, असा नियम आहे. नियम उत्तम आहे. घोडे पेंड खाते ते पुढेच. जोराच्या वाऱ्यात बाह्या फाटू लागल्या आणि नवी बाही लवकर मिळेना, म्हणून आपल्याच कार्यालयाने परिपत्रक काढले की, वारा वाढताच बाही उतरवून, घडी घालून कपाटात ठेवावी. (प्रत्येक गाडीची एकच किल्ली येथे ठेवून बाकीच्या मुख्य कार्यालयात जमा कराव्यात, हा आदेशही त्याच परिपत्रकात होता. तोही येथे पाळला गेला आहे.) फाटकवाला नियम आणि परिपत्रक दोन्ही डोळ्यांत तेल घालून पाळतो. साधा वारा असला की बाही आडवी उभी राहते आणि घोडे थांबतात. वादळी वारा सुटला की बाही कपाटात जाते, काठीवर आडवे काही दिसत नाही, आणि गाडी सोडली जाते. म्हणजे या तबेल्यातून घोडे फक्त दोन प्रकारच्या दिवशी निघतात : वारा नसेल तेव्हा, आणि मरण्याइतका असेल तेव्हा.

४. त्या दिवशी दुसऱ्या प्रकारचा दिवस होता. गवताच्या कोठाराचा एक पत्रा उखडून आवारभर फरफटत फिरत होता आणि त्याला धरायला कोणी जवळ जात नव्हते. अर्जदार खिडकीशी होता. खाली जावई मुकादमाला म्हणाले, "आज नको. पूल उघडा आहे." मुकादम म्हणाला, "वारा? कुठाय वारा? काठीवर दाखव मला." जावई म्हणाले, "काठीवर काय दाखवू? टोपी गेली माझी, ती बघा कुंपणापलीकडे." त्यावर मुकादम म्हणाला, "मग टोपीला रजा दे. तू गाडी काढ. नाहीतर दुसरा चालवेल, उद्यापासून रोजच." घोड्यांना वारा लागू नये म्हणून त्याने वरून ताडपत्री करकचून बांधून घेतली. भरल्या गाडीला ताडपत्री म्हणजे शीड, हे अर्जदाराने वाचलेले होते. तो ग्रंथ घेऊन, त्या पानात बोट घालून तो जिन्यापर्यंत गेला. तिथे त्याला शंका आली की ते वाक्य होड्यांबद्दल असेल. तो पुन्हा वाचेपर्यंत गाडी फाटकाबाहेर पडली.

पुलाच्या मध्यावर डोंगराचा आडोसा संपतो. तिथे ताडपत्री फुगली, गाडीची एक बाजू उचलली गेली, आणि ती कठड्यावर आडवी आपटली. मागे तीन घोडे आणि त्यांची निगा राखणारा मोतद्दार होता. घोडे एकमेकांवर कोसळले. जे वर होते ते खालच्यांच्या पोटावर, बरगड्यांवर पाय रोवून उभे राहू पाहत होते, कारण संकटात घोड्याला उभे राहणे एवढेच सुचते. मोतद्दार त्या पायांखाली होता. त्याचा उजवा हात कोपरापाशी उलटा फिरला. नालांखाली त्याच्या तळहाताचा चेंदा झाला, तरी तो घोड्यांना त्यांच्या नावाने हाका मारत होता, असे जावई सांगतात. पंचकल्याणी घोडीचा मागचा पाय फळ्या फोडून बाहेर आला. तिने तो ओढला तेव्हा हाड बाहेर आले, तरी ती ओढतच राहिली. एक घोडा गळ्यातल्या दोराने गुदमरून, जीभ बाहेर काढून मेला. घोडीच्या कपाळाला डॉक्टरांनी पिस्तूल लावले. वाऱ्यात बार ऐकूसुद्धा आला नाही, नुसती मान पडली. तिसरा, तांबडा घोडा, जगला. त्याचा एक डोळा गेला आहे.

५. गाडी ओढत आवारात आणली तेव्हा वारा बसला होता. फळ्यांच्या फटींतून रक्त गळत होते. तांबडा घोडा आत भिंतीवर लाथा झाडत होता, एकेका लाथेने अख्खी गाडी हलत होती. मुकादमाने पहिले काम कोणते केले असेल? फाटकवाल्याला ओरडून सांगितले, "बाही चढव रे! तपासणीला येतील, त्यांना दिसू दे की वारा नाही." बाही चढली आणि धुतलेल्या मोज्यासारखी लोंबू लागली. मग तो जावयांना म्हणाला, "घोडी नाठाळ होती. तिने गाडी पाडली, असं सांगायचं." जावई म्हणाले, "मी मेलेल्या जनावरावर खोटं घालणार नाही." मुकादमाने त्यांच्या कानाखाली वाजवली. ज्या माणसाने तासभर आडव्या गाडीत लोंबकळून मोतद्दाराला ओढून काढले, त्याच्या.

अर्जदाराच्या हातात तो ग्रंथ अजून होता आणि बोटही अजून त्याच पानात होते. त्याने ग्रंथ दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि मुकादमाच्या तोंडावर हाणला. नाक मोडल्याचा आवाज आला. मुकादम खाली वाकला, तेव्हा मानेवर हाणला. तो गुडघ्यावर आला, तेव्हा पुन्हा तोंडावर. दात ओठातून बाहेर आला. पुठ्ठा निखळून उडाला, तरी अर्जदार उरलेल्या पानांनी मारत राहिला. "बाबा, बास! बाबा, मरेल तो!" असे ओरडत जावयांनी मागून मिठी मारली, तेव्हा हात थांबले. नाक मोडल्याचा तो आवाज अर्जदाराला आवडला होता. ही गोष्ट एकाही मसुद्यात लिहिता आली नव्हती, आणि खुलासा अडकला होता तो तिथेच.

६. आता आजचे. उरलेले घोडे पलीकडच्या तबेल्यात हलवण्याचा आपला आदेश आला आहे. गाडी तीच, नव्या फळ्या ठोकलेली. ताडपत्री तीच. तांबडा घोडाही त्यात आहे. काल गाडी नुसती दिसली, तेव्हा त्याने नव्या मोतद्दाराला भिंतीशी दाबून त्याच्या दोन बरगड्या मोडल्या. आज दुपारपासून वारा सुटला आहे. फाटकवाला काठीवरून बाही उतरवत असताना अर्जदार खाली गेला आणि विचारले, "बाही का उतरवलीत?"

"वारा सुटलाय ना, काका."

"मग उद्या गाडी?"

"गाडी जाणार की. बाही कुठे दिसतेय?"

तो चेष्टा करत नव्हता. कपाटाला कुलूप लावून त्याने ते दोनदा ओढूनही पाहिले.

अर्जदाराने मग स्वतःचा सदरा काढून काठीला बांधला. तो लगेच फुगून आडवा उभा राहिला. फाटकवाल्याने तो नम्रपणे उतरवून दिला, कारण सरकारी काठीवर खासगी कपडा चालत नाही. सदऱ्याची एक बाही फाटून वाऱ्याबरोबर गेली होती. शेवटी अर्जदार मुकादमाकडे गेला. वाकड्या नाकाने तो म्हणाला, "या ग्रंथपाल! आज मोकळ्या हातांनी?" अर्जदाराने घोड्यांसाठी हात जोडले. तो म्हणाला, "आधी साहेबांच्या नोटिशीला उत्तर द्या, मग अक्कल शिकवा. आणि जावयाला सांगा, उद्या नाही म्हणाला तर चंबूगबाळं आवरा." त्याचे पहिले वाक्य अर्जदाराला रास्त वाटले.

७. सबब उत्तर : होय, अर्जदाराने मुकादमास मारले. ग्रंथाबद्दल वाईट वाटते. तो पुन्हा बांधून घेत आहे.

आणि विनंती अशी की, बाही फाटेपर्यंत काठीवर राहू द्यावी. बाही फाटली, तर वारा होता असे समजावे. कपाटातली बाही ही वारा नसल्याची खूण धरू नये. यातले काहीच मान्य होत नसेल, तर अशाच एखाद्या दिवशी आपण स्वतः यावे. पुढे चालकाशेजारी नको, मागे, तांबड्याच्या फुटक्या डोळ्याच्या बाजूला, दोराला धरून उभे राहावे आणि पूल ओलांडावा. अर्जदार आपल्या शेजारी उभा राहील. त्याला घोड्यांची फार भीती वाटते, म्हणून आपला हात धरावा लागेल, त्याबद्दल आगाऊ क्षमा असावी.

८. हे कागदी घोडे उद्या सकाळपर्यंत आपल्यापर्यंत पोहोचणार नाहीत, हे अर्जदारास कळते. तो हा अर्ज लिहीत असताना खिडकीच्या फटीतून वारा येऊन पाने उडू लागली. जावई कामावरून आले होते. त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि पानांवर ठेवली.

"कागद उडतायत, बाबा. हे राहू दे वर."

"जावईबापू, सकाळी लागेल ना तुम्हाला?"

"सकाळी कुठे ठेवली ते आठवलं तर ना," असे म्हणून ते हात धुवायला गेले आणि किल्ली न घेताच जेवायला बसले. मुलीने एकदा किल्लीकडे पाहिले, एकदा अर्जदाराकडे, आणि शिवणाच्या डब्यातून जाड पाकीट काढून दिले.

कळावे. चूकभूल अर्जदाराचीच धरावी, चालकाची नव्हे.

आपला भित्रा पण या वेळी माघार न घेणारा,
(सही)
निवृत्त ग्रंथपाल व चालकाचा सासरा

दिनांक : टपालाच्या शिक्क्यावर असेल तो.

सोबत :
१) आपली नोटीस, उशीखाली चुरगळलेली.
२) सदऱ्याची उरलेली बाही, वाऱ्याचा पुरावा म्हणून.
३) गाडीची किल्ली. परिपत्रकानुसार येथे एकच होती. आता सर्व किल्ल्या आपल्याच कार्यालयात सुरक्षित जमा होतील.

ता.क. हे टपालपेटीपाशी उभे राहून, कागद भिंतीला दाबून लिहीत आहे, म्हणून अक्षर हलले आहे. पाकिटाला साधेच तिकीट लावले आहे. ते लवकर पोहोचावे अशी अर्जदाराची काही घाई नाही. आता पाकीट चिकटवतो आणि आत टाकतो.