पाडण्याची परीक्षा

ओसाका, ८ फेब्रुवारी १९९६

हाडं बसवायचा परवाना हवा तर इथे ज्यूदोही यावं लागतं. आज त्याचीच परीक्षा होती. नापास झाले असते तर अख्खं वर्ष गेलं असतं. सरावात मी जोडीदारणीला, हानाए-सानला, लागू नये म्हणून धरून धरून पाडायचे आणि त्यानेच तिचा खांदा मुरगळायचा. आज चटईवर ती पुटपुटली, "माझी काळजी केलीस तर खांदा जाईल माझा. सरळ आपट."

आपटली. ती हसतच उठली. खांदा शाबूत, मी पास. आता फक्त लेखी.

घरी काय कळवू? घरातली पहिली पदवीधर लेक जपानात हाडं जोडायला शिकतेय, असं बाबा सगळ्यांना सांगतात. माणसं पाडायचेही मार्क मिळाले, हे लिहू? लिहितेच. बाबा तेही गावभर सांगतील.