काळ्या चोचीची शकु

मी, जयवंत लवू कुबल, वय ६८, पूर्वीचा धंदा जहाजावर सुतारकाम, राहणार ब्लॉक नं. ७, सागरसाथ सोसायटी, मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. छातीचं दुखणं आहे, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी लिहायला बसवलेलं नाही. १९७९ चं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं माझी पत्नी मालन हिच्या नावे होतं, आणि ती राहिली नाही.

१. राहता ब्लॉक व बँकेतली शिल्लक पुतण्या चंद्रप्रकाश, राहणार अंधेरी, यास द्यावी. मालनला अर्धांग झाल्यावर दर रविवारी तो येऊन तिला उचलून बाल्कनीत बसवायचा, आमच्या पोपटाच्या, शकुच्या, पिंजऱ्याजवळ. त्याचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ गुणाजी, एकदा तिच्यासमोरच म्हणाले, "वहिनींपेक्षा पोपटाचीच चौकशी जास्त होते." मालन ऐकत होती, तिला उत्तर देता येत नव्हतं. गुणाजीने या घरात पाऊल ठेवू नये, असं लिहिणार होतो. लिहीत नाही.

२. रंधे, पटाश्या, करवती शेजारचा गिल्बर्ट याला द्याव्या. हत्यारं त्याला जात असल्यामुळे साक्षीला त्याची सही घेतलेली नाही.

३. शकुविषयी. नोव्हेंबर १९६४ मध्ये आमचं जहाज मॉरिशसला थांबलं असता नैऋत्येकडच्या डोंगरातल्या रानातून मी तिला पिल्लू असताना आणलं. आम्हाला मूल नव्हतं. शकु हे नाव मालनने मुलीसाठी ठरवलं होतं, ते तिने हिला दिलं. चोच काळी, शेपूट आखूड. ती बोलायला कधी शिकली नाही. काही वर्षं अंडी घालायची आणि त्यांच्यावर बसून राहायची. जोडीदार नव्हता, म्हणजे त्यांतून काही येणार नव्हतं. मी अंडी काढायला गेलो की मालन म्हणायची, "राहू दे. तिचे दिवस भरू देत."

१९८५ च्या दिवाळीत चंद्रप्रकाशची मुलगी सुलक्षणा आली. ती प्राणिशास्त्र शिकते. तिने शकुचे फोटो काढून मॉरिशसला या पक्ष्यांचं काम करणाऱ्यांना पाठवले. उत्तर आलं ते तिने मालनच्या खाटेपाशी बसून वाचलं.

"आजोबा, रानात दहाबाराच उरलेत. त्यांत माद्या तीन, फार तर चार."

"आणि ही?"

"ही मादी आहे. ते परत मागतायत."

मालनला तेव्हा थोडं बोलता यायचं. ती म्हणाली, "मी गेल्यावर न्या." मी नकाराचं पत्र लिहिलं. शकुचं वय वाढत होतं, हे मला कळत होतं. तरी लिहिलं. पुन्हा तशी वेळ आली तर काय लिहीन, हे मला सांगता येत नाही.

मालन फेब्रुवारी १९८७ मध्ये गेली. तेराव्यानंतर मी स्वतः कळवलं की न्या. दोन सरकारांची परवानगी लागते. अकरा महिने गेले. ९ जानेवारी १९८८ रोजी सकाळी शकु पिंजऱ्याच्या तळाशी पडलेली दिसली. परवानगीचा कागद २७ तारखेला आला. तो मी फाडलेला नाही, कपाटात आहे.

४. आजवर मी सगळ्यांना, मालनलाही, एकच पिल्लू आणल्याचं सांगितलं. ते खोटं आहे. १९६१ ते ६४ या काळात तीन फेऱ्यांत मी पाच पिल्लं काढली. तीन विकली, एक वाटेत मेलं, ते समुद्रात टाकलं. त्यांत माद्या किती होत्या ते मी पाहिलं नाही. ढोल्या दाखवणारा दशरथ तिथलाच, त्याचे पूर्वज रत्नागिरीकडचे. शेवटच्या खेपेला तो झाडाखालून म्हणाला, "एक तरी आईबापाला ठेव रे, जयवंत." मी दोन्ही घेऊन उतरलो.

त्या तीन झाडांच्या खुणा मला आठवतात तशा वेगळ्या कागदावर नकाशासह लिहिल्या आहेत. तो कागद आजच सुलक्षणाच्या हाती देत आहे, तिने तो लगेच मॉरिशसला पाठवावा. मी मरायची वाट पाहू नये. झाडं उभी असतील तर ढोल्या अजून कामाच्या आहेत.

५. अंड्यांची कवचं मालनने कापसात घालून ठेवली आहेत. ती सुलक्षणाला द्यावी. संशोधनाला नको असतील तर तिनेच ठेवावी.

६. शकुचं शरीर टिकवण्यासाठी एका संस्थेने घेतलं आहे. तिच्याखाली लावायच्या चिठ्ठीचा मसुदा त्यांनी मला दाखवला. त्यात "देणगीदार : श्री. जयवंत कुबल" असं आहे. ते खोडावं. त्या जागी "ढोलीतून काढून आणणारा" असं लिहावं, आणि माझं नाव पूर्ण लिहावं.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुलक्षणाने करावी.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर केली.

सही : जयवंत लवू कुबल

साक्षीदार :
१. डॉ. प्रेमा सामंत, मुलुंड
२. रत्नप्रभा दळवी, ब्लॉक नं. ९, सागरसाथ सोसायटी

स्थळ : मुलुंड, मुंबई
दिनांक : १४ एप्रिल १९८८