पायांच्या सात जोड्या

मंगळवार, १६ जून. ईडन प्रेरी

सात. पुन्हा मोजल्या, तरी डबीतल्या अळीच्या पोटाखाली पायांच्या सातच जोड्या. पतंगाच्या अळीला तिथे पाचाच्या वर नसतात, हे अकोल्याच्या कृषी कॉलेजात घोकलंय मी. मग तीन आठवड्यांपूर्वी का नाही मोजल्या?

शेजारच्या खोब्रागडे काकूंनी त्यांच्या अंगणातल्या स्प्रूसच्या झाडावरच्या अळीचा फोटो पाठवला, तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. ‘बडवर्म आहे काकू, बीटी फवारा,’ लिहून मोकळी झाले. बडवर्म पतंगाची अळी, ती बीटी या जिवाणूंच्या औषधाने मरते. ही निघाली सॉफ्लाय नावाच्या माशीची. दोघी इथल्या थंड मुलखातल्या, दोघी स्प्रूसच्या सुया खाणाऱ्या, पण हिला बीटीने काहीच होत नाही. बडवर्म धाग्यांनी सुया बांधून आत लपते. ही तर उघड्यावर बसून खात होती! तेवढं तरी दिसायला हवं होतं ना?

काकूंनी दोनदा फवारलं. आज संध्याकाळी म्हणाल्या, “उद्या तिसऱ्यांदा मारते. तू सांगितलं ना, मग टेन्शन नाही.” मी मान डोलावली. का डोलावली? शंका तर आलीच होती, म्हणून तर एक अळी डबीत घालून आणली. आणि सात जोड्या.

‘काकू, मी चुकले,’ टाइप केलं. पुसलं.

मघाशी भांडी घासताना समोर काकूंच्या किचनचा दिवा दिसला. सहा वर्षांत कधी दिसला नव्हता, मध्ये स्प्रूसच्या दाट सुया असायच्या. काकू उद्यासाठी पंप धूत होत्या. त्यांनाही मी दिसले. हसून हात हलवला त्यांनी.