आधी मी स्वतः खोड्यात उभा राहिलो

नवनागापूर,
शुक्रवार, दुपार

ती. दाजींना गोरक्षनाथचा वाकून नमस्कार. (वाकताना कमरेत उसण भरते आहे. कारण पुढे येईलच.) तुमची शुगर कशी आहे? अक्काचा गुडघा थंडीत दुखायचा, तो आता उन्हाळ्यातही दुखतो असं ऐकलं. ऊस तुटून गेला का, की टोळीची अजून वाटच बघताय? आम्ही इकडे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

आता गुन्हा कबूल करतो. गेल्या शनिवारी मी काष्टीच्या बाजारात होतो, चांगला पाच तास होतो, आणि तुमच्या घरी आलो नाही. घर तिथून हाकेच्या अंतरावर. हे तुम्हाला एव्हाना कोणीतरी सांगितलंच असेल आणि अक्काने माझं नाव टाकलं असेल. पण दाजी, मी ज्या अवस्थेत होतो त्या अवस्थेत माणूस बहिणीच्या दारात उभा राहू शकत नाही. शिवाय माझ्यासोबत एक गाय होती.

सगळं पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला ठाऊकच आहे, मी एकोणीस वर्षं इथल्या एका वर्कशॉपात फिटर आहे. गेल्या वर्षी गावाकडे गेलो असताना पाहिलं की दर दुसऱ्या गोठ्यात एक तरी जर्सी गाय लंगडते आहे. सिमेंटच्या कोब्यावर उभ्या राहून राहून त्यांची खुरं चपलेसारखी पुढे वाढतात, आणि ती तासून देणारा माणूस काही मिळत नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात किडा वळवळला. गाय उभी करायचा लोखंडी खोडा टेम्पोवर बसवायचा, गोठ्यागोठ्यात जायचं आणि खुरं तासून द्यायची. तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, कंपनीतून महिन्याची रजा काढली आणि अँगल जोडून खोडा तयार केला. खोडा उत्तम झाला. बिघाड फक्त माझ्यात आहे. मी आयुष्यभर कानस मारली ती लोखंडावर, आणि लोखंड लाथ मारत नाही.

खोड्यात गाईच्या पोटाखालून एक पट्टा येतो आणि चरखी फिरवली की तो तिचं वजन तोलून धरतो. हा पट्टा गाय तोलेल का, या शंकेने मला जेवण जाईना. शेवटी मी स्वतःच खोड्यात शिरलो, गुडघ्यांवर आणि हातांवर गाईसारखा उभा राहिलो आणि वृषालीला चरखी फिरवायला लावली. पट्टा भक्कम निघाला. मी जमिनीपासून चांगला हातभर वर गेलो. मग चरखीचा खटका अडकला. (नंतर मी तो बदलला. चूक माझ्या मापाची होती.) वृषाली हातोडी शोधायला आत गेली, आणि नेमक्या त्याच वेळी शेजारच्या बनुबाई विरजण मागायला आल्या. त्यांनी मला नीट खालून वरून पाहिलं, विरजण घेतलं आणि गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी झाली होती, "वृषालीनं नवऱ्याला टांगला!" उसण भरली ती तेव्हाच.

पट्ट्याची खात्री झाली, माझी नाही. म्हणून ठरवलं की काष्टीच्या बाजारात खोडा न्यायचा, चारचौघांत एक गाय उभी करून दाखवायची, म्हणजे माघार घेता येणार नाही. अजिनाथच्या टेम्पोतून गेलो. (त्याचा टेम्पो दर शनिवारी काष्टीला जातो, हे पत्रही तोच आणतो आहे.) तिथे पोचलो आणि माझे हात जे कापायला लागले ते थांबेनात. पहिले दोन तास मी टेम्पोच्या मागे उभा राहून टायरमधली हवा तपासली. चारही चाकांत हवा होती. मग सोनईचे वैजनाथ नावाचे व्यापारी आले. त्यांची एक जर्सी लंगडत होती, कोणी विचारत नव्हतं. मी जवळ जाऊन तिची खुरं पाहायला लागलो. त्यांना वाटलं, गिऱ्हाईक. त्यांनी भाव ठरवायच्या रीतीप्रमाणे खांद्यावरचं उपरणं माझ्या हातावर टाकलं आणि खालून बोटं धरली.

दाजी, तुमचं अर्धं आयुष्य त्या बाजारात गेलं. उपरण्याखाली किती बोटं दाबली म्हणजे काय होतं, हे मी तुम्हाला काय सांगू! मला सांगायचं होतं की मला गाय नको, मला फक्त तिचे पाय हवेत. पण तोंडाला कोरड पडलेली, आणि कापणारा हात कुठेतरी स्थिर व्हावा म्हणून मी त्यांची बोटं घट्ट धरली. सोडली. पुन्हा धरली. वैजनाथांचा चेहरा उजळत गेला. त्यांनी उपरणं झटकलं आणि म्हणाले, "झालं पावनं! घ्या दावं हातात." उपरण्याखाली दिलेला शब्द फिरवून काष्टीत तुमचं नाव खराब करायचं, की एक लंगडी गाय घरी न्यायची? मी गाय आणली. वृषालीने दार उघडलं, गाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आधी गाईला पाणी दिलं.

रविवारी तिला खोड्यात घेतली. चार खुरांना चार तास लागले. एक पाय झाला की मी ओट्यावर जाऊन बसायचो आणि आता हे पुरे म्हणायचो. वृषाली म्हणायची, "तीन पायांवर कशी राहील ती?" शेवटी दावं सोडलं, आणि ती गाय आमच्या बोळातून सरळ, चारही पाय टेकवत चालत गेली. मला रडू आलं दाजी, खरंच आलं. एकोणीस वर्षांत मी केलेला एकही पार्ट माझ्यासमोर असा चालत गेला नव्हता.

पण हा आनंद चहा होईपर्यंतच टिकला. लगेच वाटलं, ही गाय गरीब होती म्हणून जमलं. पुढची मारकी निघाली तर? खोल कापलं गेलं, रक्त आलं, दूध आटलं तर? त्रेचाळिसाव्या वर्षी माणसाने नवा धंदा काढावा की बीपीची गोळी सुरू करावी? त्यात परवा बुधवारी वैजनाथ काही कामाने इकडे आले आणि मुद्दाम गाय बघायला डोकावले. तिला चालताना पाहिलं आणि ओट्यावर मटकन बसले. "ही तीच हाय व्हय?" म्हणाले. मग उठून तिची चारही खुरं पाहिली आणि म्हणाले, "माझ्या गोठ्यात अजून आकरा लंगडत्यात. सोमवारी सकाळी आठला सोनईला या. न्हाई म्हनू नका."

आणि सोमवारी सकाळी आठलाच माझी रजा संपते. कंपनीच्या गेटवर जाऊ की सोनईला, हे तुम्ही वडीलकीच्या नात्याने सांगावं, म्हणून हा एवढा कागद खर्ची घातला. अक्काचा राग निवेल तसा आमचा नमस्कार सांगा.

तुमचा,
गोरक्षनाथ

ता. क. गाय सांभाळा असं मी मुळीच म्हणत नाही. ती वृषालीच्या हातूनच खाते.

ता. क. दुसरा. खरं कारण आता लिहितो. महिनाभर मी ज्याला त्याला विचारत फिरलो, कोणीतरी "नको" म्हणेल म्हणून. साहेब म्हणाले कर, वृषाली म्हणाली करा, बनुबाईसुद्धा करा म्हणाल्या. त्यामुळे माझी भीती वाढतच चालली आहे. मी आयटीआयला निघालो तेव्हा तुम्ही म्हणाला होता, "तुला न्हाई जमायचं, गोरख." मी पहिल्या वर्गात पास झालो. मोटरसायकल घेतली तेव्हाही तुम्ही तेच म्हणालात. तेव्हा कृपा करून अजिनाथकडे एक चिठ्ठी द्या, त्यात तुमच्या हाताने "तुला जमणार नाही" एवढंच लिहा. मी ती खोड्याला चिकटवणार आहे.

ता. क. तिसरा. कंपनी की सोनई, हे वर विचारलंय ते सोडून द्या. राजीनामा कालच देऊन आलोय. वृषालीला अजून सांगायचं धाडस झालं नाही. पत्र अजिनाथकडे द्यायला तीच जाते आहे, म्हणून पाकीट नीट चिकटवलंय.

दाजी, नमस्कार. पाकीट चिकटलेलं नव्हतं. राजीनाम्याचं मी कालच ओळखलं. दुपारी जेवून आडवे झाले आणि महिन्यात पहिल्यांदा घोरले. तेवढी चिठ्ठी मात्र नक्की द्या, आणि अक्षर मोठं काढा. गाईच्या पायाशी बसले की ते चष्मा काढून ठेवतात.
— वृषाली