माशीला मुंगी कशी कळते

३ जून, मंगळवार

आज माशी चुकली. म्हणजे चुकली असं मी म्हणते आहे. ग्वेन, माझी बॉस, म्हणते थांब.

मोहरीएवढी माशी, दक्षिण अमेरिकेची. आग्यामुंगीवर झडप घालते, अंडं टोचते, पसार. अळी मुंगीच्या डोक्यात वाढते आणि शेवटी डोकंच गळून पडतं. युरोपात घुसलेल्या आग्यामुंगीवर ही माशी सोडायची, तर आधी आम्ही सिद्ध करायचं की ती बाकीच्या मुंग्यांच्या वाटेला जात नाही. इथल्या, म्हणजे ब्रिटनमधल्या, काळ्या-पिवळ्या मुंग्यांवरून ती नुसती फिरून गेली होती. ढुंकूनही पाहिलं नाही. आज इथल्या लाल मुंग्यांच्या ट्रेमध्ये सरळ खाली आली. झडप. परत एकदा.

एका जरी लाल मुंगीत अळी वाढली तर माशी बाद. प्रोजेक्ट बंद, माझी नोकरी बंद, आणि व्हिसा नोकरीवरच आहे. पण दुपारभर डोक्यात दुसरंच: ती खाली का आली?

५ जून, गुरुवार

सापडलं! नळी.

मुंग्या हाताने उचलता येत नाहीत, तोंडाने नळीतून ओढून घ्यायच्या. आग्यामुंग्यांची नळी वेगळी, इथल्या मुंग्यांची वेगळी. मंगळवारी घाईत मी आग्यामुंग्यांचीच उचलली. घाबरलेली आग्यामुंगी वास सोडते, तो नळीत राहिला, तोच लाल मुंग्यांना लागला. आज धुतलेल्या नळीने नव्या लाल मुंग्या ठेवल्या. माशी वर घिरट्या घालून निघून गेली. म्हणजे ती मुंगी बघून नाही, वास घेऊन उतरते! मी क्वारंटाइन रूममध्ये एकटीच मोठ्याने हसले.

ग्वे. खूश. "कन्टॅमिनेशन. ट्रायल रद्द. मंगळवारच्या त्या मुंग्या फ्रीझरमध्ये टाक."

टाकल्या नाहीत. एकेकीला वेगळ्या डबीत ठेवलंय. का, ते अजून मलाही नीट...

८ जून, रविवार

अभी, माझा नवरा, ब्रॅकनेलच्या नोकरीवरून आलाय. सासूबाई नागपूरहून आल्यापासून वीकेंडला पुरणपोळी नाहीतर झुणका. जेवताना माशीचं सगळं सांगितलं.

सासूबाई : "अगं, एवढ्याशा माशीला गोत्र बघायला शिकवलं कुणी?"

मी : "आई, ती वासावरून बघते."

सासूबाई : "मग अभीच्या मावशींसारखीच. मुलगी बघायला गेल्या की आधी फोडणीचा वास घ्यायच्या."

अभी म्हणाला, "सेटअपच चुकला तर आम्ही रिझल्ट फेकून देतो. सुटलीस तू." मीही हो म्हटलं. ताटावरून उठेपर्यंत खरंच सुटल्यासारखं वाटत होतं.

१० जून, मंगळवार

लाल मुंग्या आणायला कार्डिफबाहेरच्या कुरणात. एका दगडाखाली दोन वारुळांची मारामारी चाललेली. पायात पाय, जबड्यात जबडा, सोडायला तयार नाहीत. मांडी घालून बघत बसले, जीन्सची वाट लागली.

आणि लख्ख कळलं. जिथे आग्यामुंगी घुसेल तिथे ती इथल्या मुंग्यांशी अशीच भिडणार. तिचा वास यांच्या अंगाला लागणारच. नळीची चूक माझी, पण रानात हे रोज होईल. मग माशी खाली आली तर? आणि नुसती आली नाही, अळीही वाढली तर?

ग्वे.ला फोन केला. म्हणाली, "यू डू नो यू आर आर्ग्युइंग अगेन्स्ट युअर ओन फ्लाय?"

हो, माहीत आहे. भीतीही वाटते आहे.

१९ जून, गुरुवार

डब्यांतल्या बाकी मुंग्या टुणटुणीत. एक मात्र साखरपाण्याकडे फिरकत नाही. कोपऱ्यात बसून असते. म्हातारी असेल. कदाचित अळी असेल.

रिपोर्ट उद्या जायचाय. ग्वे. म्हणते, त्या ट्रेबद्दल 'नळी दूषित, ट्रायल रद्द' एवढंच लिही. त्यात खोटं काहीच नाही. अभीही फोनवर तेच म्हणाला, आणि मग हळूच, "व्हिसाचं बघ ना गं."

चिडले त्याच्यावर. त्याचं चूक नव्हतं तरी.

२० जून, शुक्रवार

सकाळी ग्वे.ला मेल: रिपोर्ट थांबवा, एक मुंगी बघायची राहिली आहे. वाटलं, आता बोलणी खायची. ती आली, कोट चढवला, स्टूल ओढून शेजारी बसली. आळीपाळीने मायक्रोस्कोपमधून बघतोय. मुंगी हलत नाही, पण जिवंत आहे.

ग्वे. : "व्हॉट आर यू होपिंग फॉर?"

डोकं जागेवर राहू दे, असं अगदी मनापासून वाटतंय. आणि मघाशी मुंगीची मान जराशी वाकडी झाली तेव्हा मी ग्वे.ला बाजूला सारून डोळा लावला, आत काय आहे ते आधी मला बघायचं होतं म्हणून.